विमानावर सोडलेलं पाणी

माझा भाऊ गोपीनाथ इकडे उत्तरेत, गंगेकाठी रामघाटावर भिक्षुकी करतो. पुण्याचे यजमान हल्ली सकाळी विमानाने येतात, अस्थी सोडतात आणि रात्री जेवायला घरी. त्याच्या मुलीचं, मुक्ताचं, बंगळूरमधलं काम नेमकं उलटं. विमानाच्या तिकिटावर चांगला जबर कर बसवा, म्हणजे लोक रेल्वेने जातील आणि आभाळातला धूर कमी होईल, हे सरकारच्या गळी उतरवायचं.

गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "लोकांना सांगायचं तर आधी आपण पाळायला हवं. मी विमानात बसणार नाही." झालं. दादाने तिला घाटावर नेलं, हातावर गंगेचं पाणी घातलं आणि रीतसर संकल्प सोडायला लावला. वहिनी हसत होती. मीही हसले.

माघात वहिनीने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, मुलीला ताबडतोब बोलवा. दादाने मुक्ताला फोनवर सांगितलं, आईला जरा बुखार आहे, आरामात रेल्वेने ये. मला हे कळलं तेव्हा गाडी सुटली होती.

"खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"पाणी सोडलंय तिने, कस्तुरी. मंत्र मी सांगितला. खरं कळलं असतं तर विमानात बसली असती."

शेंडी तुटो की पारंबी तुटो, असा हा माणूस. मला त्याचा संताप आला, अजून येतो.

वहिनी सारखी विचारायची, "कुठपर्यंत पोचली हो?" दादा सांगायचा, नागपूर. मग इटारसी. जबलपूर म्हणाला तेव्हा तिने नुसते डोळे उघडले. सतना यायच्या आत ती गेली.

मुक्ता आली ती आईसाठी नागपूरला घेतलेली संत्री घेऊन. पिशवी तिच्या हातातून कुणी घेईना.

"बाबा, सच सांगायचं होतं ना. मी उडून आले असते."

"तुझा संकल्प मोडला असता, बेटा."

"नसता मोडला. पाणी सोडताना मी मनात म्हटलं होतं, आईबाबांना काही झालं तर सोडून."

जन्मभर दादाने लोकांना संकल्प सांगितले, पण मनात काय धरलंय हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर मी मुक्ताला म्हटलं, "आता तरी विमानाने जा. थकलीस."

तिने रेल्वेचंच तिकीट काढलं. "आता घाई कसली, आत्या," ती म्हणाली.