कटावणीची जागा

प्रेतं उठून माणसांना चावत सुटली तर कोणतं अवजार हाती घ्यायचं, याचा डेलमारने ओहायोतल्या आपल्या गॅरेजमध्ये चार वर्षं अभ्यास केला होता. हातोडीसाठी फार जवळ जावं लागतं. कुऱ्हाड कवटीत अडकते. करवतीला समोरच्याचं सहकार्य लागतं. म्हणून कटावणी.

मंगळवारी सकाळी प्रेतं खरंच उठली. डेलमार गॅरेजमध्ये धावला. भिंतीवर त्याने प्रत्येक अवजाराची जागा रंगाने आखून ठेवली होती. कटावणीच्या जागी तिची सुबक आकृती होती, कटावणी नव्हती.

"शेजारच्या वर्नला दिलीस, कुंपण उखडायला," बायको कोरीन म्हणाली. "मार्चमध्ये. कुऱ्हाडही त्याच्याकडेच आहे."

"मग परत कशी मागायची? बरं दिसतं का?"

"नाही ना. त्यापेक्षा मेलेलं बरं."

तेवढ्यात दारावर थाप पडली. काचेतून वर्न दिसला. डोळे पांढरे, जबडा लोंबलेला आणि हातात कटावणी.

"बघ, आणलीन की नाही," डेलमार म्हणाला. आणि कोरीन त्याची कॉलर पकडेपर्यंत, "अरे, एवढी काय घाई होती, वर्न," असं म्हणत त्याने सवयीने कडी काढलीसुद्धा.