कोंबडा दोनदा आरवला

मामाने दुकानातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ भाचीला दिला, त्याला तीन महिने झाले. तेवढ्या काळात त्या धुडाने जेवणाचं अर्धं टेबल बळकावलं, खिडकीतून गच्चीपर्यंत तार नेली आणि रोज संध्याकाळी ऐकवलं काय? तर गुर्रर्र!

"आज पाचपर्यंत एक तरी परदेशी स्टेशन ऐकव," कामावरून आलेल्या आईने मसाजरमध्ये दोन्ही पाय खुपसून बटण दाबत फर्मान काढलं. "नाहीतर उद्या हे मामाकडे परत. मला माझं टेबल हवंय."

मुलीने वही उघडली. तिच्यात दूरच्या एका बेटाचं स्टेशन लिहिलेलं होतं, साडेचार ते पाच. आता पावणेपाच. तिने बटण केसभर फिरवलं. शिट्टी, खरखर, कुणीतरी पाण्याखाली बसून गातंय असं काहीतरी... या सगळ्यावर तिचा भारी जीव. मग एका बाईचा आवाज आला आणि गुर्रर्रने तो गिळून टाकला.

"घरातलंच काहीतरी गुरगुरतंय!" तिने ट्यूबलाइट घालवली, फ्रिजची पिन काढली, बाबांचा चार्जर उपटला. गुर्रर्र तसंच.

"थांब, मुळावरच घाव घालतो," म्हणत बाबांनी थेट मेन स्विच खाली ओढला. घर चिडीचूप.

"बघ! गेला की नाही आवाज?" बाबांनी कॉलर ताठ केली.

"बाबा, रेडिओपण विजेवरच चालतो ना!"

स्विच घाईघाईने वर गेला. पण रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह पडले म्हातारे, अंगात ऊब आल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. घड्याळात पाचला सहा मिनिटं कमी. हळूहळू नारिंगी उजेड चढला आणि ती बाई टेबलापलीकडे बसून बोलावी तशी स्वच्छ बोलू लागली.

"लागलं!" मुलगी किंचाळली.

"अगं, ऐकू तरी दे," म्हणत आईने बंद पडलेल्या मसाजरचं बटण सवयीने दाबलं.

गुर्रर्रर्र!

आईसकट तिघांनीही आईच्या पायांकडे बघितलं.

"म्हणजे तीन महिने..." बाबांना हसू आवरेना.

"दात काढू नका!" आईने खाडकन बटण बंद केलं.

रेडिओतली बाई न कळणाऱ्या भाषेत गंभीरपणे काहीतरी वाचत होती. एवढ्यात तिच्या मागे कोंबडा आरवला. बाई अडखळली, पुन्हा सुरू झाली, तर हा पठ्ठ्या पुन्हा आरवला! बाई खुदकन हसली.

"अय्या! तिकडे आत्ता उजाडतंय?" आई पाय काढून रेडिओपाशी येऊन बसली.

पाच वाजता स्टेशन बंद झालं. मुलीने कागद ओढला. काय ऐकलं ते नेमकं कळवलं, की स्टेशनवाले पोचपावतीचं कार्ड पाठवतात. तिने लिहिलं, 'बाईंचा आवाज. मागे कोंबडा.'

"दोनदा आरवला, दोनदा!" आईने खांद्यावरून डोकावत बजावलं. "आणि पत्ता पूर्ण घाल, कार्ड हरवायला नको."

"आणि टेबल?" मुलीने हळूच विचारलं.

आईने मसाजर पायाने कोपऱ्यात ढकलला.

"हा उद्यापासून पाचनंतर," ती म्हणाली.