टिपेवरची चिकटपट्टी

मित्रांनो, जाडजूड पुस्तक दिसले की तुम्ही पळ काढता, हे मला ठाऊक आहे. मी तसाच एक जुना ग्रंथ आहे, आणि माझ्यात एकही गोष्ट नाही. आहेत ते फक्त आजार आणि त्यांचे कोड नंबर. छापखान्यातून निघालो तो थेट एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आलो. डॉक्टरांनी फायलीत आजार लिहायचा आणि क्लार्कने माझ्यात बघून त्याचा नंबर घालायचा, अशी तिथली पद्धत होती. त्या नंबरांवरून याद्या निघत आणि पुढच्या उपचारांना कोणाला बोलवायचे ते ठरे.

मी ज्यांच्या टेबलावर होतो, त्या बाईंना सगळे पाठीमागे 'टीपबाई' म्हणत. माझ्या पानांवर नंबरांखाली बारीक अक्षरांत टिपा आहेत. टीप वाचल्याशिवाय बाई नंबर लिहीत नसत. "नंबर कोणीही शोधेल, टीप वाचायला धीर लागतो," असे त्या म्हणायच्या. मला उघडण्याआधी त्या दोन्ही हात रुमालाला पुसत. इतके लाड माझे पुन्हा कोणी केले नाहीत.

माझे सर्वांत हाताळलेले पान लसिकेच्या विकारांचे. लसिका म्हणजे रक्ताच्या सोबतीने अंगात फिरणारे पाणी. त्याची वाट अडली की हातपाय सुजतात. त्या सुजेचा नंबर माझ्यात आहे आणि खाली टीप होती : 'स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजला असेल, तर हा नंबर लावू नये. त्याचे पान वेगळे.' त्या वेगळ्या नंबराच्या बायकांना फिजिओथेरपीच्या ताई स्वतः फोन करून बोलवत, हाताला घट्ट बाही देत, व्यायाम शिकवत.

एके दिवशी ते पान फाटले. बाईंनी हळहळत ते खाकी चिकटपट्टीने जोडले. पट्टी नेमकी टिपेवर बसली. "असू दे, मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. पाठ होतीच. सात वर्षांत त्या एकदाही चुकल्या नाहीत. मग त्या निवृत्त झाल्या आणि टीप त्यांच्याबरोबर घरी गेली.

त्यांच्या जागी आलेली क्लार्क मुलगी कामसू होती. मान मोडून काम करायची, प्रत्येक टीप वाचायची. पण पट्टीखाली काय आहे हे तिला कोण सांगणार? मला तर तोंडच नाही.

तीन वर्षांनी बाई आल्या, फिजिओथेरपीच्या ताईंना घेऊन. बाईंचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला होता. मला फार वाईट वाटले.

"स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजला, त्याला दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी फायलीत लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, यादीतून बोलावणं येईलच."

"अहो, पण विचारायला तरी यायचंत," ताई म्हणाल्या. "सुरुवातीला आला असतात तर सूज बरीच उतरली असती. आता वाढू नये, एवढंच बघायचं."

"मीच बसवलेली घडी ती. तिच्यावर मीच शंका घ्यायची?"

क्लार्क मुलीने फाइल काढली. नंबर चुकीचा होता. तिचा चेहरा उतरला. "बाई, मी ह्या पानावर बघूनच लिहिला," म्हणत तिने मला पुढे केले.

बाईंनी पान जवळ ओढले. मग डाव्या हाताच्या नखाने त्यांनी पट्टी उचलली. पट्टीबरोबर टिपेची अक्षरेही निघून आली.

"चूक माझी आहे," मुलगी रडत म्हणाली.

"नाही गं. तू होतं ते वाचलंस. झाकलं मी."

त्यांनी पेन मागितले आणि उजव्या हातात धरून पाहिले. बोटे मिटेनात. मग डाव्या हातात घेऊन टीप पुन्हा लिहिली. त्याच दिवशी जुन्या फायली उपसल्या, तेव्हा आणखी चार जणी सापडल्या. "त्यांना आजच फोन करा," एवढे सांगून बाई गेल्या.

आता कॉम्प्युटर आला आहे आणि मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, फाटलेले पुस्तक जरूर जोडा, पण पट्टीखाली काय जाते तेही बघा. तुम्हाला जे पाठ असते, ते तुमच्या मागून येणाऱ्याला पाठ नसते. आणि कधी माझे ते पान उघडलेत, तर तिथली वेडीवाकडी अक्षरे बघून हसू नका. ज्या हाताने ती लिहिली, त्याला लिहायची सवय नव्हती.