पेवातलं भुंकणं

कुत्र्यांचं मला कधीच कौतुक नव्हतं. तरी माझ्या एकुलत्या एका पोराने, सौरभने, दुबईला जाताना बंड्याला माझ्याच गळ्यात मारलं. "दोन वर्साचा सवाल हाय, आई. जीव हाय माझा त्याच्यात. सांभाळ." वर चार पानी सूचना लिहून दिल्या. मी शाळेतली बाई. मला सूचना द्यायची सवय, घ्यायची नाही.

बंड्या वायर फॉक्स टेरियर. सौरभने लिहिलं होतं, ही विलायती जात कोल्ह्याच्या शिकारीसाठी तयार केलेली. कोल्हा बिळात शिरला की घोड्यावरचे साहेब बाहेर थांबायचे आणि हा एवढासा कुत्रा मातीत घुसून, भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचा. म्हणून लई हट्टी. हाक ऐकणार नाही, उंदीर सोडणार नाही, आणि मोकळा सोडला तर दिवसभर उकरत बसेल. अंगावरच्या राठ केसांना कात्री लावायची नाही. मेलेले केस अधूनमधून चिमटीने उपटायचे. रविवारी मी खुरपायला बसल्यासारखी त्याला घेऊन बसायचे आणि तो माझ्या हाताला चावे घ्यायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा लळा लागला.

आमचं गाव वडवणीपासून सात किलोमीटर. फेब्रुवारीत बंड्याने परसात शेवग्याखाली उकरायला घेतलं. चार दिवस धड जेवला नाही. पाचव्या दिवशी दुपारी खाली मोठा दगड लागला, त्याच्या कडेची माती ढासळली आणि बंड्या त्या फटीतून आत गेला. मग त्याचं भुंकणं आलं, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं.

मी शेजारच्या सत्तारचाचांना हाक मारली. जमिनीखाली ज्वारी साठवायची पेवं उघडायचं काम तरुणपणी गावात तेच करायचे. त्यांनी पहारीने दगड सरकवला. "जुनं पेव हाय, बाई. तुमच्या आधीच्या लोकायचं. मला बी म्हाईत नव्हतं."

मी शिडी लावली, पदर खोचला.

"थांबा! पेवात असं उतरत न्हाईत." त्यांनी कंदील पेटवून दोरीने खाली सोडला. हातभर गेला न गेला तोच विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. "आत हवाच न्हाई. जिता जीव पाच मिन्टं टिकायचा न्हाई."

"मग भुकतंय कोन?" मी ओरडले. अर्धा तास होऊन गेला होता. भुंकणं चालूच होतं. मी चाचांचा हात झटकला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"बाई," चाचा हळू आवाजात म्हणाले, "मागं बघा."

मागे बंड्या बसला होता. अंगभर माती, एकदम गप्प. आणि खालून भुंकणं येतच होतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेली बाई मी. पण त्या दिवशी मी पायरीवरचा पाय मागे घेतला. माझा कुत्रा मला मिळाला होता, खाली काय आहे ते मला जाणून घ्यायचं नव्हतं. आम्ही दगड लोटला. वरून चिखल मी स्वतःच्या हाताने लिंपला.

त्यानंतर बंड्या शहाण्यासारखा वागायला लागला. बस म्हटलं की बसायचा. उंदीर त्याच्या पंजावरून गेला तरी हलायचा नाही. केस उपटायला बसले, तर चावला नाही. तीन महिन्यांत त्याचा एक केसही वाढला नव्हता. आणि रोज भाकरीच्या वेळेला शेवग्याखालून बारीक आवाज यायचा. सौरभला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

बुद्धपौर्णिमेला सौरभ सुट्टी काढून आला. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. या शिट्टीला बंड्या पूर्वी दार तोडायचा. माझ्या पायाशी बसलेला कुत्रा हललाही नाही. शेवग्याखालून मात्र भुंकण्याचा एकच गलका झाला.

सौरभ धावत परसात गेला. लिंपलेला दगड पाहिला आणि त्याने सगळं माझ्याकडून वदवून घेतलं. "बंड्याच हाय हा! आई, तू त्याला जितं गाडलं गं!"

"तीन महिने झाले, सौरभ. आत अन्न न्हाई, पानी न्हाई, हवा न्हाई. बंड्या असंल का तो?"

तो ऐकेना. हट्टाला माझा पोरगा काही त्या कुत्र्यापेक्षा कमी नाही. त्याने भिंतीला टेकवलेली पहार घेतली आणि दगडाखाली घातली. तेव्हा तो गप्प कुत्रा उठला, सौरभच्या शेजारी येऊन बसला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा शेपूट हलवायला लागला.

ते पाहिलं आणि मला कळलं, दगड उघडायला हवाय तो यालाच. मी जाऊन दगडावरच बसले, मांडी घालून.

"आधी माझ्या अंगावर पहार चालव, मंग उघड."

खाली बंड्या भुंकत होता. माझ्या हाताला चावे घेताना असायचा, तसाच हट्टी आवाज. दगडाला पंजे घासत होता, मला खालून जाणवत होतं. मी रडत होते, पण उठले नाही. हळूहळू सौरभच्या हातातली पहार खाली आली. त्या कुत्र्याची शेपूट हलायची थांबली आणि तो पहिल्यांदाच माझ्यावर गुरगुरला.