उबवायला ठेवलेली बॅटरी

गोष्ट दोन हजार सतराच्या हिवाळ्यातली. त्या वर्षी गारठा असा की सकाळी बैलाच्या नाकातली वाफ दिसे, बैल दिसत नसे.

बॅटरीवरचा फवारणीचा पंप आणल्यापासून गाव एका शेतकऱ्याला शास्त्रज्ञ म्हणू लागलं होतं. साहजिकच त्याची बायको शास्त्रज्ञीण झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

परवावर पेरणी आली होती. गव्हाचं राखलेलं सगळं बियाणं आतल्या खोलीत पोत्यांत भरलेलं, आणि घरातला एकच धड प्लग त्याच खोलीत. पोत्यांना टेकून बॅटरी दोन दिवस चार्जिंगला लावलेली.

"अहो, ही फुगलीय."

"फुगली नाही, बाळसं धरलंय तिनं. दोन दिवस पितेय, अंगी लागणारच."

"आणि पंपाचा चार्जर कुठाय?"

"हरवला. मोटारसायकलच्या बॅटरीचा लावलाय. वीज ती वीज! तिला काय कळतंय कुणाच्या घरची आली ते?"

थंडीत बॅटरी भरत नाही, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मग त्याने कोंबडी बसवायची टोपली आणली, खाली पेंढा घातला, त्यात बॅटरी बसवली. वरून गोधडी सासूने आपल्या हाताने पांघरली.

"आई, तुम्ही तरी सांगा यांना!"

"उबेशिवाय काही उबतं का गं? तू जा, भाकऱ्या कर."

दुपारी ती खोलीत गेली तर गोडसर, डोक्यात जाणारा वास. गोधडीवर हात ठेवला, तर तवा! तिने मेन स्विच पाडला, वायर ओढून काढली आणि लांब दांड्याचं दाताळं अडकवून टोपली ओढत अंगणात नेली. हात लांब ठेवून ती मागे सरली, तोच आतून सापासारखा फूत्कार आला आणि टोपलीचा भडका उडाला.

"मेली माझी गोधडी!" सासूने टाहो फोडला. "सुनेनं जाळली!"

"आई, मागं व्हा! तो धूर नाकात घेऊ नका!"

शेजारी धावले आणि बघत उभे राहिले. हौदाच्या बांधकामाची वाळू पडली होती, ती सून घमेल्याने एकटीच ओतत राहिली. पोती शाबूत राहिली.

सगळं थंडावल्यावर शास्त्रज्ञ पुढे आला. "टाकतो उकिरड्यात. खत होईल."

"खत? पुढच्या वर्षी गव्हाला बॅटऱ्या लागतील! दिवसभर राहू द्या वाळूत, बाहेरच. उद्या तुम्हीच नेऊन द्यायची, पंपवाल्या दुकानात. जुन्या घेतात ते."

दुसऱ्या दिवशी वाळूने भरलेली लोखंडी बादली घेऊन तो गावातून निघाला. पारावरून आवाज आला, "काय शास्त्रज्ञ, पिल्लं किती निघाली?"

पेरणी वेळेवर झाली, गहूही चांगला आला. पंपवाल्याने दुकानात पाटी लावली, 'फुगलेली बॅटरी लपवू नका, आणून द्या.' सासू आणखी सहा वर्षं जगली आणि आल्यागेल्याला सुनेने जाळलेली गोधडी सांगत राहिली. शास्त्रज्ञ आता लेकीच्या सासरी गेला की पाहुण्यांना सांगतो, पेटती टोपली आपण कशी छातीशी धरून बाहेर नेली. पाहुणे शास्त्रज्ञिणीकडे वळतात.

"तुम्ही कुठं होता हो तेव्हा?"

"मी? भाकऱ्या करत होते," ती म्हणते, आणि त्याच्या उशीखाली चार्जिंगला लावलेला मोबाइल काढून फरशीवर ठेवायला उठते.