ढिले टेकू

भिंत पाडायला अक्कल लागत नाही, घण लागतो. अक्कल लागते ती पाडायच्या आधी. पण सांगणार कुणाला? "एवढीशी तर भिंत आहे, एका दिवसात उडवा," म्हणतात. अरे, त्या एवढ्याशा भिंतीच्या डोक्यावर कोण बसलंय ते तरी बघा! चार इंची असेल तर खुशाल पाडा, तो नुसता आडोसा असतो. पण नऊ इंची असेल आणि वरच्या मजल्याची भिंत तिच्यावरच उभी असेल, तर तिचा भार आधी दुसऱ्या कुणीतरी घ्यावा लागतो. हे मला दादानं शिकवलं, दोन मुस्काटात देऊन.

आणि मला पाडायची होती ती भिंत दादाच्याच घरातली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पट्टीचा गवंडी. सात महिन्यांपूर्वी गेला. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यातली भिंत काढून देतो, असं तो वहिनीला पंचवीस वर्षं सांगत होता. जगाला उजेड करून दिला आणि बायको अंधारात भांडी घासत राहिली. मग मीच म्हटलं, वहिनी, आता मी काढतो. वरच्या मजल्यावर पुतण्या, सून आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी राहतात. माझ्या हातून सूतभर चूक झाली, तर काय खाली येणार होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

भिंतीच्या दोन्ही अंगांना चार-चार असे आठ लोखंडी टेकू लावले, फिरक्या आवळून स्लॅबला भिडवले आणि दोन दिवसांत भिंत वरून खाली वीट-वीट उतरवली. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या जागी आडवा लोखंडी गर्डर चढवला. गर्डर आणि स्लॅबमध्ये दोन बोटं फट राहते. तिच्यात पोलादी पाचरी ठोकायच्या, म्हणजे भार टेकूंवरून गर्डरवर येतो. पण त्याआधी मी प्रत्येक टेकूवर हातोडी मारून बघतो. भार असला की टेकू टणटणीत वाजतो.

पहिला टेकू थड् वाजला. दुसराही थड्. मी आठही वाजवून पाहिले. शेवटच्याला हात लावला, तर तो जागच्या जागी गरकन फिरला.

भिंत नाही, टेकू ढिले, गर्डरच्या वर दोन बोटं हवा. मग वरचा मजला उभा कशावर?

"सगळे बाहेर!" मी ओरडलो. माझ्या दोन माणसांनी वर जाऊन सुनेला आणि मुलीला खाली आणलं, रस्त्यापलीकडे नेलं. पुतण्या कामावर होता. आत राहिलो मी आणि वहिनी. तिला किती सांगितलं, पण ती हलायला तयार नाही.

"ओरडतोस कशाला?" ती म्हणाली. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा ती या घरात आली, त्यामुळे आमचं सगळं अरे-तुरेच. "इकडे ये. हात लाव."

भिंत होती त्या जागेच्या बरोबर मधे तिनं हात धरला होता. मी हात पुढे केला. तिथली हवा गरम होती. तापलेल्या माणसाच्या पाठीजवळ असते तशी.

"काल संध्याकाळपासून आहे," वहिनी हळूच म्हणाली. "खाली बघ."

जमिनीवर विटांची धूळ बोटभर साचली होती. फक्त दोन जागा स्वच्छ होत्या, पावलांएवढ्या. उजवं पाऊल बाहेर वळलेलं. दादा ओझं उचलताना तसाच उभा राहायचा.

मी दोन पावलं मागे सरलो. वहिनीच्या चेहऱ्यावर मात्र सात महिन्यांत पहिल्यांदा जीव आला होता.

"आहेत ना ते," ती म्हणाली. "मग तुझा गर्डर हवाय कशाला? राहू दे असंच."

"डोकं फिरलंय का तुझं? वर तुझी नात झोपते!"

"मग? आजोबाच धरून आहेत."

मी स्टुलावर चढलो आणि पाचरी ठोकायला लागलो. पाचर फटीत बसायची, पण घट्ट होईना. मी घाव घातला की स्लॅब केसभर वर सरकायचा. घातला घाव की सरकला. सहाच्या सहा पाचरी मारल्या आणि सहाही हातानं निघत होत्या. दादा भार द्यायलाच तयार नव्हता.

आमच्या कामात एक रीत आहे. एकानं भार धरलेला असतो, दुसरा घेतो. घेणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "घेतला!" त्याशिवाय धरणाऱ्यानं सोडायचा नाही, मग हात तुटले तरी चालतील.

"दादा, घेतला!" मी म्हणालो.

काही नाही.

"घेतला रे दादा! सोड!"

टेकू तसेच ढिले. का, ते मला माहीत होतं, आणि सांगायची लाज वाटते. तेवीस वर्षांपूर्वी एका घराच्या दारावरचा दगडी पाट आम्ही दोघं बसवत होतो. दादानं खांद्यावर तोलून धरला होता. माझी पाचर अजून हातातच होती आणि मी घाईनं म्हणून टाकलं, "घेतला!" त्यानं विश्वासानं सोडला. त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं, उजवा खांदा कायमचा खाली आला. मला एक शब्द बोलला नाही. पण त्यानंतर मी "घेतला" म्हटलं की तो थांबायचा, स्वतःच्या हातानं चाचपून बघायचा, मगच सोडायचा. त्यापेक्षा मुस्काटात दिली असती तर बरं.

टप्प असा आवाज झाला. त्या दोन पावलांच्या मधे धुळीत एक थेंब पडला होता. वर छत कोरडं ठणठणीत. मग दुसरा पडला, तिसरा पडला.

वहिनी गुडघे धरत खाली वाकली, बोटानं थेंब टिपला आणि जिभेला लावला.

"घाम आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला.

"दमलाय तो, वहिनी. वरचा अख्खा मजला आहे, आणि खांदा तसला."

तिनं ओलं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "शेवटच्या दिवशी त्यांचा हात धरून मीच म्हणाले होते, आम्हाला सोडून जाऊ नका. शंभरदा म्हणाले. मला काय माहीत, हा माणूस एवढं मनावर घेईल!"

मला म्हणाली, उतर खाली. मी नको नको म्हणत असताना ते दुखरे गुडघे घेऊन स्टुलावर चढली. मी तिला कमरेला धरून ठेवलं. तिनं एकेका पाचरीवरून बोट फिरवलं, गर्डर दोन्हीकडे नीट टेकलाय का ते वाकून वाकून बघितलं. बेचाळीस वर्षं गवंड्याचा संसार केलेली बाई, तिला काय सांगायचं?

"अहो," ती त्या गरम हवेकडे बघून म्हणाली, "धाकट्यानं घेतलाय. मी स्वतः बघितलंय, सहाच्या सहा आहेत. सोडा आता. मी राहीन."

गर्डर कण्हला. सगळं घर एकदा खोल दबलं, पाचरी कचकन आवळल्या, आणि आठही टेकू एकदम, मी हात न लावता, टणटणले. छताची धूळ आमच्या डोक्यावर आली. वहिनीनं हात पुढे केला, मग दुसराही केला. हवा गार पडली होती. जमिनीवर धूळ सगळीकडे सारखी बसत होती.

मला वाटलं, आता ही कोसळणार. पण कोसळलो मीच. छप्पन्न वर्षांचा घोडा, विटांच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडलो. तेवीस वर्षांत त्यानं माझ्या शब्दावर हात सोडला नव्हता, आणि शेवटीसुद्धा सोडला तो तिच्या शब्दावर.

वहिनी धरत धरत खाली उतरली. तिचेही डोळे वाहत होते. पदरानं तिनं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"वेडा कुठला," ती म्हणाली. "मी नुसतं बघितलं. त्यांनी भार सोडला तो तुझ्यावरच ना?"