झेल्माचा डावा पाय

झेल्मा लारोंदने अंगठ्याखालच्या जखमेवर कोरफडीचा गर थापला, वरून जुन्या अभ्र्याची चिंधी गुंडाळली आणि डावा पाय कापडी बुटात सरकवला. बूट गेलेल्या नवऱ्याचा होता, तिला चांगलाच मोठा. नाडी बांधताना ती पायाकडे पाहत नव्हती, भिंतीवरच्या मेरीमातेकडे पाहत होती. मग तिने बाटलीतला तमालपत्राचा अर्क हातावर ओतून बुटाला चोळला आणि खोलीचं दार उघडलं.

स्वयंपाकघरात आनिका कोकोचा चहा ढवळत उभी होती. ही आनिका म्हणजे लांबच्या थंड मुलखातली पोर, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली. तिच्या कॉलेजातली मुलंमुली उन्हाळ्याच्या सुटीत बेटावर सेवा करायला आणि जमलं तर काही शिकायला आली होती. गावाने ती घरोघर वाटून घेतली. झेल्माच्या वाट्याला ही आली आणि गावाला हसायला विषय मिळाला. पोरगी पालीला भ्यायची, बेडकाला भ्यायची. पत्र्यावर नीरफणस आदळला की खुर्चीवरून उठून उभी राहायची. शेजारची क्लेमेन्सिया कुंपणावरून विचारायची, की झेल्मा, तुझ्याकडे नर्स पाठवलीय की तान्हं बाळ?

झेल्मा हसायची, काठीने पाल हाकलायची आणि पोरीच्या ताटात आणखी एक अळकुडी वाढायची. भिणाऱ्या माणसाला सांभाळताना आपली भीती जरा लांब राहते, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

तिची भीती पालीसारखी दिसणारी नव्हती. बागेत केव्हातरी कशावर तरी पाय पडला होता. कशावर, ते तिला कळलंही नव्हतं. घरी आल्यावर चप्पल ओली लागली, तेव्हा रक्त दिसलं. तेव्हापासून जखम भरत नव्हती आणि दुखतही नव्हती. दुखली असती, तर झेल्मा कण्हली असती, देवाला बोल लावला असता आणि झोपली असती. पण तिची थोरली बहीण व्हर्ना हेच म्हणायची, दुखत नाही गं मला. व्हर्नाला साखरेचं दुखणं होतं. पायाचं बोट दाखवायला म्हणून ती शहरातल्या इस्पितळात गेली आणि परत आली ती गुडघ्याखाली काही नसलेली. पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. तिच्या शवपेटीत ती रिकामी जागा कपड्यांनी भरली होती. ते कपडे झेल्मानेच घडी करून ठेवले होते.

चर्चच्या सभागृहात विद्यार्थ्यांनी रक्तातल्या साखरेची तपासणी मांडली, त्या दिवशी झेल्मा त्यांच्यासाठी मासळीचा रस्सा घेऊन गेली. सगळं गाव रांगेत बसलं होतं. म्हातारे बोट टोचून घेताना लहान मुलांसारखे तोंडं वेडीवाकडी करत होते. आनिका सुई टोचत होती आणि प्रत्येकाची माफी मागत होती.

"सगळ्यांचं रक्त काढलं, हिचंच राहिलं," क्लेमेन्सिया ओरडली. "काय गं, तुझ्या अंगात रक्ताऐवजी कोको आहे की काय?"

लोक हसले. झेल्माही हसली आणि घरी पीठ भिजवून ठेवलंय, असं म्हणून निघाली. दारापर्यंत जाताना तिला पाठीवर आनिकाची नजर जाणवत होती. त्या उकाड्यात सगळ्या गावाच्या पायात चपला होत्या आणि एकटीच्या पायात बंद बूट.

त्यानंतर पोरगी घरात झेल्माच्या चालण्याकडे पाहू लागली. झेल्मा पाणी आणायला निघाली, की आधी उठून स्वतः बादली उचलू लागली. झेल्माने अर्क जास्त चोळायला सुरुवात केली. घरभर तमालपत्राचा वास कोंदू लागला आणि त्याच्या खाली दुसरा एक वास होता, गोडसर, घरात कुठेतरी फळ नासल्यासारखा. झेल्माने कपाट रिकामं करून पाहिलं. फळ नव्हतं. नसणार, हे तिला ठाऊक होतं.

एका सकाळी दोघी टेबलाशी न्याहारीला बसल्या असताना एक माशी आली. पावावर बसली नाही, खारवलेल्या मासळीवर बसली नाही. टेबलाखाली गेली आणि बुटावर बसली. झेल्माने पाय हलवला. माशी उडाली आणि पुन्हा तिथेच बसली. झेल्माने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. माशी मागोमाग गेली. आनिकाने हातातला पाव खाली ठेवला.

"मिस झेल्मा, तो बूट जरा काढता का?"

"का? नवा घेऊन देतेयस का?"

पोरगी हसली नाही.

"मला दुखत नाही," झेल्मा म्हणाली.

"तेच तर."

झेल्माला एकदम राग आला. कालपर्यंत पालीला भिऊन आपल्या पाठीआड लपणारी पोर, ती आपल्याला सांगणार! तसं तिने बोलूनही दाखवलं. आनिकाने मान खाली घातली. ती म्हणाली, मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आमच्याबरोबर आलेल्या शिक्षिकाबाईंनाही नाही. मी आजवर जखमा धुतल्यात त्या सगळ्या कॉलेजातल्या रबरी पायावरच्या. मग तिने मान वर केली.

"मलाही भीती वाटतेय. पण दाखवा."

झेल्माने पाय खुर्चीखालून पुढे घेतला. मग तिने नाडी सोडली.

पोरीने पाणी उकळून कोमट केलं, पाय मांडीवर घेतला, चिंधी भिजवून भिजवून सोडवली. झेल्मा पायाकडे पाहत नव्हती. ती पोरीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. जे आहे ते तिथे दिसेल, असं तिला वाटत होतं. पण चेहरा शांत होता. पोरगी हळू आवाजात विचारत होती, नीरफणस भाजायचा तो सालासकट की साल काढून? झेल्मा सांगत होती, सालासकट, विस्तवावर, सगळीकडून काळा होईपर्यंत. काळा हा शब्द तोंडातून गेला आणि पोरीने नवी पट्टी उघडली.

"फार वाईट नाहीये," स्वच्छ पट्टी बांधून झाल्यावर आनिका म्हणाली. "पण डॉक्टरांना दाखवू या. आजच."

ती पाण्याचं भांडं घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली. झेल्माचा जीव जरासा शांत होत होता, तेवढ्यात केळींच्या मागून आवाज आला. कुणीतरी तोंडावर हात दाबून ओकत होतं.

झेल्माने दारांकडे पाहिलं. मागचं दार उघडं होतं, पुढचंही. डोंगरावरच्या बागेत नवऱ्याने बांधलेली झोपडी होती. तिथे गेलं तर कोण शोधायला येणार? तिने खुर्चीचा हात धरला, पण उठता येईना. केळींमागचा आवाज थांबला. मग नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ.

आनिका आत आली तेव्हा तिच्या कपाळावरचे केस ओले होते आणि ती हसत होती. झेल्माने तिला आल्याचा तुकडा चघळायला दिला.

"थांब जरा," ती म्हणाली. "चांगला झगा घालते."

शहराकडे जाणाऱ्या गाडीत ओळखीचीच माणसं होती. आज कामाच्या दिवशी चर्चला घालायचा झगा कसा काय, म्हणून ड्रायव्हरने विचारलंच. झेल्माने पापणीही न हलवता सांगितलं, की पोरगी आजारी आहे, उलट्या होतायत, तिला इस्पितळात नेतेय. सगळी गाडी पोरीकडे वळली. बाहेरच्यांना इथलं पाणी सोसत नाही, असं एकजण म्हणाला. एका बाईने तिच्या हातात लिंबू ठेवलं. आनिकाने नाही म्हटलं नाही. वळणावळणाच्या घाटात ती लिंबू हुंगत खाली दिसणाऱ्या समुद्राकडे बघत राहिली. तिचा दुसरा हात झेल्माच्या हातात होता. तो गार पडला होता, की आपलाच गार पडला आहे, हे झेल्माला कळत नव्हतं.

ड्रायव्हरने त्यांना इस्पितळाच्या फाटकाशीच सोडलं. मी गाडी वळवून घेतो, हिला तपासायला देऊन तुम्ही परत यायचं म्हणाल तर थांबतो, असं तो म्हणाला. दारातल्या नर्सने दोघींना येताना पाहिलं. एक धट्टीकट्टी बाई, ताठ चालणारी. दुसरी पोर, ओठ पांढरे पडलेली, हातात लिंबू घट्ट धरलेली. नर्स चाकांची खुर्ची घेऊन लगबगीने पुढे आली आणि ती तिने आनिकासमोर उभी केली.

"ये बाळा, बस. घाबरू नकोस."

आनिका बसली नाही. ती फक्त झेल्माकडे पाहत होती. फाटकाशी गाडीचं इंजिन चालूच होतं. नुसती मान हलवायची खोटी, की दिवस मावळायच्या आत झेल्मा आपल्या अंगणात, आपल्या दोन पायांवर उभी असती.

तिने खुर्चीच्या हातावर हात ठेवला. लोखंड गार होतं.

"हिला नको," ती म्हणाली. "हिला नुसती भीती वाटतेय."

आणि ती स्वतः खुर्चीत बसली. उजवा पाय तिने खालच्या फळीवर ठेवला. डावा उचलायला ती वाकणार, तोच आनिका गुडघ्यांवर बसली आणि तिने तो दोन्ही हातांनी हळूच उचलून वर ठेवला.